गाडीचा पार्ट रस्त्यात गहाळ झाला? जुगाड करताना या चुका टाळा

दिवाळीत किंवा मे महिन्यात इंदूरहून धुळे-नाशिक-पुण्याकडे निघायचं, तर बहुतेक घरांत क्रम ठरलेला असतो. आदल्या संध्याकाळी गाडी सर्व्हिसिंगहून आणायची, पहाटे सामान भरायचं आणि निघायचं. मग मानपूर घाटाच्या आसपास कळतं की ऑइलचं झाकण कुणी लावलंच नाही, किंवा चाकाचा एक नट जागेवर नाही. प्रवासाआधीचं सर्व्हिसिंग चार दिवस अगोदर करून घ्या आणि मधल्या काळात गाडी शहरात फिरवा. सुटलेले पार्ट राजवाडा ते विजयनगर एवढ्या फेरीतच लक्षात येतात.

तरीही रस्त्यात पार्ट हरवलाच, तर आधी विचार करायचा की तो काय काम करत होता. दाब धरत होता? ऑइल आत ठेवत होता? वजन पेलत होता? की ठरावीक करंटनंतर सर्किट तोडत होता? जुगाड फसतात ते बहुतेक यामुळेच, की माणूस भोक बुजवतो आणि भोकावरच्या वस्तूचं काम विसरतो.

रेडिएटरचं झाकण: बूच ठोकून बसवणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. रेडिएटरचं झाकण म्हणजे दाबाचा व्हॉल्व्ह. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो, तो बार या दाबाच्या एककात. एवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास उकळतं. झाकण नसेल तर इंदूरच्या साडेपाचशे मीटर उंचीवर ते ९८ अंशांनाच उकळायला लागतं, आणि इंजिनचं नेहमीचं तापमानच ९० च्या घरात असतं. म्हणजे हातात उरतात सात-आठ अंश.

लोक काय करतात, तर लाकडाचं बूच किंवा चिंध्यांचा गोळा ठोकतात आणि वरून तार आवळतात. बूच उडालं तर उकळतं पाणी तोंडावर येतं. नाही उडालं, तर दाबाला वाट न मिळाल्याने जुना होज पाइप फाटतो. शिवाय झाकणात दुसरा एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो इंजिन थंड होताना शेजारच्या जादा पाण्याच्या बाटलीतलं पाणी परत आत ओढू देतो. तोंड पूर्ण बंद केलं की थंड होताना वरचा पाइप आत चेपतो.

तेव्हा दाब धरायच्या भानगडीत पडू नका. तो मिळणार नाही हे धरूनच गाडी चालवायची. इंजिन बंद करून किमान ४५ मिनिटं थांबा. पाणी तोंडापासून दोन-तीन सेंटिमीटर खाली राहील इतकंच भरा. तोंडावर सायकलच्या ट्यूबचा दुहेरी तुकडा, त्यावर जाड फडक्याच्या चार घड्या, आणि तोंडाच्या कडेखालून तार फिरवून सैलसर बांधा. हे फक्त पाणी उसळून बाहेर पडू नये म्हणून. वाफ बाजूने निघायलाच हवी. एसी बंद, हीटर आणि त्याचा पंखा पूर्ण वर, वेग ४० च्या आत. दर आठ-दहा किलोमीटरला थांबून पाणी पाहा. घाट चढू नका. निमाडातून इंदूरकडे परतताना खलघाट-धामनोदच्या बाजूलाच झाकण शोधलेलं बरं.

तापमानाचा काटा वर चढता चढता अचानक खाली आला, तर गाडी थंड झाली असं समजू नका. पाणी संपलं की सेन्सर पाण्याऐवजी वाफेत राहतो आणि काटा खोटं सांगतो. लगेच इंजिन बंद करा. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो.

ज्या गाड्यांत रेडिएटरला झाकण नसून प्लास्टिकच्या टाकीला आटेदार झाकण असतं, तिथे दाब टाकीतच असतो, म्हणून नियम तेच. ज्यांत दोन्ही असतात, तिथे बाटलीचं झाकण हरवलं तर काळजी नाही. पॉलिथिन बांधा, चालतं. बोअरिंगचं पाणी अडीअडचणीला एकदा भरलं तर हरकत नाही, पण नंतर सिस्टिम फ्लश करून पुन्हा कूलंट भरा, नाहीतर क्षार बसतात.

इंजिन ऑइलचं झाकण: आत चिंधी कोंबणं

इंजिनच्या कंपनाने चिंधी हळूहळू आत सरकते. तिचे धागे ऑइल पंपाच्या जाळीपर्यंत गेले की पुढचं काम इंजिन उघडल्याशिवाय होत नाही. झाकण नेहमी बाहेरून बांधायचं, आत काही घालायचं नाही. तोंडाची बाहेरची बाजू कोरडी पुसा, स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियम फॉइलचे पाच-सहा थर किंवा जाड पॉलिथिन वर ठेवा आणि होज क्लिपने नाहीतर ट्यूबच्या पट्टीने घट्ट आवळा. तोंड उघडं ठेवून तसंच निघालात, तर उडालेलं ऑइल एक्झॉस्टवर पडून धूर होतो, कधी आगही लागते. पेट्रोल गाडीत आयडलिंगही (उभ्या गाडीत इंजिनचं संथ चालणं) बिघडतं, कारण मधूनच जास्तीची हवा आत जाते. दर २० किलोमीटरला डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) पाहा. खालच्या खुणेच्या खाली गेलं की ऑइल भरल्याशिवाय हलू नका.

हे सगळं करण्याआधी बोनेटच्या आत नीट पाहा. विसरलेलं झाकण बऱ्याचदा बॅटरीच्या शेजारी किंवा वायपरखालच्या खाचेत अडकलेलं सापडतं.

चाकाचे नट: मिळेल तो नट फिरवणं

चार नटांच्या चाकाचे चारही नट गेले, तरी हिशेब जमतो. उरलेल्या तीन चाकांचा एकेक नट काढला की चारही चाकांना तीन-तीन मिळतात. हे माहीत असूनही लोक पंक्चरवाल्याच्या डब्यातला कुठलातरी नट चढवतात. मारुती सुझुकीच्या नेहमीच्या गाड्यांचे आटे १२ बाय १.२५ चे (स्टडची जाडी आणि दोन आट्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये; स्टड म्हणजे नट ज्यावर फिरतो तो चाकाचा बोल्ट), तर ह्युंदाई, टोयोटा, होंडाचे १२ बाय १.५ चे. दिसायला सारखे, पण दीड-दोन फेऱ्यांतच अडकतात. तिथे पाना लावून जोर केला की स्टडचे आटे सोलले जातात. नट हाताने पाच-सहा फेरे सहज फिरला तरच तो त्या गाडीचा.

नटाची बसायची बाजूही पाहा: ती शंकूसारखी, गोलाकार किंवा सपाट वायसरची असते. चुकीची असेल तर नट घट्ट वाटतो, पण चाक मधोमध बसत नाही आणि थोड्या वेळाने तो ढिला होतो. आट्यांना ऑइल लावू नका.

पान्यावर उभं राहून उड्या मारणं हा आपल्याकडचा राष्ट्रीय व्यायाम आहे. लहान गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटर पुरतात. पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर हा सुमारे ४० किलोचा दाब झाला, म्हणजे हाताचा चांगला जोर. गाडी जॅकवर असताना नट नुसते टेकवा, खाली उतरवल्यावर आळीपाळीने आवळा. १० किलोमीटरला एकदा आणि ५० ला पुन्हा आवळा. तीन नटांवर वेग ५० च्या आत ठेवा. एका चाकाला दोनच नट उरत असतील तर गाडी हलवू नका.

फ्यूज: सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी

फ्यूज वितळण्यासाठीच असतो. त्याच्या जागी चंदेरी किंवा तांब्याची तार घातली, की वितळायची पाळी डॅशबोर्डमागच्या वायरिंगवर येते. रंगावरून अँपिअर कळतो: लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. मोबाइल चार्जरच्या सॉकेटला बहुतेक गाड्यांत १५ चा असतो. तो किंवा मागच्या वायपरचा काढून वापरा. एअरबॅग आणि एबीएसचे फ्यूज उसने घेऊ नका. दुसऱ्यांदाही उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे, तिसरा वाया घालवू नका.

पेट्रोलच्या टाकीचं झाकण

पंपावर विसरणारे पुष्कळ. टाकीत फडकं कोंबलं की ते पेट्रोल शोषून वातीसारखं बाहेर आणतं. पॉलिथिनचे दोन थर बाहेरून रबराने बांधा, सुईने एक बारीक भोक पाडा म्हणजे टाकीत निर्वात होणार नाही, आणि नवं झाकण मिळेपर्यंत अर्ध्याहून जास्त भरू नका. बीएस६ गाडीत इंजिनचा दिवा लागू शकतो. झाकण लावून थोडं चालवलं की तो सहसा आपोआप जातो.

किरकोळ, पण रोजच्या चुका

सायलेन्सरचा रबर तुटला तर केबल टाय वितळतो. जीआय तारच (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी तार) लावा. होज क्लिपऐवजी एकेरी बारीक तार आवळली तर ती पाइप कापते, तिथे दोन रुंद केबल टाय शेजारी-शेजारी बरे. बॅटरीची पट्टी गेली तर रबरी मॅटचा तुकडा खोचून ट्यूबने बांधा, वरून लोखंडी तार नेऊ नका. एम-सील ओल्या किंवा तेलकट जागी धरत नाही आणि वाळायला वेळ घेतं. ते लावून पाच मिनिटांत गाडी सुरू करणाऱ्यांनी निदान एम-सीलला दोष देऊ नये. आणि इंजिनच्या बेल्टऐवजी मोजे किंवा ओढणी बांधण्याची युक्ती आताच्या अनेक खाचांच्या रुंद बेल्टवर चालत नाही.

डिकीत ठेवायचं सामान सियागंजातल्या हार्डवेअरच्या एखाद्या दुकानात एका फेरीत मिळतं: दोन मापांच्या चार होज क्लिपा, ३०० मिलिमीटरचे दहा केबल टाय, दोन मीटर जीआय तार, सायकलची जुनी ट्यूब, पक्कड. फ्यूजचं पाकीट, तुमच्या गाडीचे दोन नट, एक लिटर कूलंट आणि पाच लिटर पाणी वेगळं. गॅरेजवाला "भिया, चल जाएगी" म्हणाला, तर किती किलोमीटर आणि कोणत्या वेगाने, हे त्याच्याकडून नक्की करून घ्या.

जिथे जुगाड करायचाच नाही

ब्रेक, स्टिअरिंग आणि इंधनाची दाबाची लाइन. ब्रेक ऑइलच्या बाटलीचं झाकण तेवढं पॉलिथिनने झाकता येतं, पण त्या बाटलीत इंजिन ऑइल कधीच घालू नका, आतले रबर फुगतात आणि ब्रेक अडकतात. डिझेल गाडीत इंधन फवारताना दिसलं तर बोट लावून गळती शोधू नका. कॉमन रेलमधला (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला) दाब हजार बारच्या वर असतो, ती धार कातडीत शिरते. अशा वेळी गाडी बाजूला घ्या, त्रिकोण मागे ठेवा आणि राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हा महामार्गाचा मदत क्रमांक लावा. क्रेनवाल्याला फोनवरच सांगा: पुढच्या चाकांवर चालणारी मॅन्युअल गाडी पुढून उचलायची, ऑटोमॅटिक किंवा चारही चाकांवर चालणारी असेल तर सपाट ट्रक लागेल.