टाकीची उंची-रुंदी काढायची तर घनफळाचं सूत्र उलटं कसं फिरवायचं

शाळेत गोल डब्याचं माप देतात आणि घनफळ काढायला लावतात, घरी मात्र प्रकरण बरोबर उलटं असतं. लिटर ठरलेले असतात, मापाचा पत्ता नसतो. समजा पागोळ्यांचं पाणी साठवायला परसात २००० लिटरची गोल टाकी बांधायचीय, भिंत आणि माड यांच्यामध्ये जागा बेताचीच, आणि गवंडी विचारतोय उंची किती घेऊ.

सूत्र एकच लक्षात ठेवा, तीन-तीन पाठ करत बसू नका:

घनफळ = ३.१४ × त्रिज्या × त्रिज्या × उंची

आधी युनिट सरळ करा, अर्धे घोळ इथेच होतात. १००० लिटर म्हणजे १ घनमीटर, म्हणजे आपले २००० लिटर झाले २. मग बाकीची सगळी मापं पण मीटरमध्येच घ्यायची, मध्येच फूट घुसवायचे नाहीत.

उंची हवी असेल तर उंची सोडून जे काही आहे त्याने घनफळाला भागा. जागेत आतला व्यास १.४ मीटर बसतो, त्रिज्या त्याच्या निम्मी, ०.७. आता ०.७ × ०.७ = ०.४९, त्याला ३.१४ ने गुणलं की साधारण १.५४, आणि २ ÷ १.५४ = १.३ मीटर. गवंड्याला फुटातच सांगावं लागतं, तर सव्वाचार फूट म्हणा. वर चार बोटं जास्तच ठेवा, काठोकाठ भरलेली टाकी काय कामाची.

इथे निम्मं करायला विसरून १.४ च घातलात तर उत्तर येतं जेमतेम एक फूट, आणि तशी टाकी बांधलीच तर पाणी मावेल ५०० लिटर! उत्तर आलं की हाताने तेवढी उंची दाखवून बघा, वेडंवाकडं असेल तर लगेच कळतं.

त्रिज्या हवी असेल तर एक पायरी जास्त. पन्हळ खाली आहे म्हणून उंची १ मीटरच्या वर जात नाही असं धरा. २ ÷ (३.१४ × १) = ०.६३७, पण हा झाला त्रिज्येचा वर्ग, त्याचं वर्गमूळ घ्यायचं, मोबाईलच्या कॅलक्युलेटरवर होतं, आलं ०.८. व्यास १.६ मीटर.

जागा असेल तर माझं मत, उंचीपेक्षा रुंदी वाढवा, कारण व्यास दुप्पट केला की तेवढ्याच उंचीत पाणी चौपट मावतं.

आणि तयार पिंप असेल, व्यास मोजायला मध्य सापडत नसेल, तर बाहेरून टेप गुंडाळा. घेर १८० सेंटीमीटर भरला तर ६.२८ ने (म्हणजे ३.१४ च्या दुपटीने) भागून त्रिज्या साधारण २८.७. सेंटीमीटरमध्ये १ लिटर म्हणजे १०००, त्यामुळे २०० लिटरचे २,००,००० घ्यायचे, आणि पाण्याची उंची येते साडेसत्त्याहत्तरच्या आसपास. पिंपाचा पत्रा पातळ म्हणून हे चालतं, सिमेंटच्या टाकीला बाहेरून मोजलंत तर व्यासातून भिंतीची जाडी दोन्हीकडून वजा करा.