चवथीच्या सुट्टीआधी: संस्थेचे वाय-फाय बदलण्याची तयारी

चवथीची सुट्टी लागली की आमच्या फोंड्याच्या शाळेत आठवडाभर चिटपाखरू नसते. वाय-फाय बदलायला याहून बरा मुहूर्त नाही, असे दरवर्षी ठरते आणि दरवर्षी गणपती पोचवून परत येतो तेव्हा जुनेच डबे लुकलुकत असतात. म्हणून यंदा तयारी आषाढातच लिहून काढतो आहे. तुमच्याकडेही तीन देणगीदारांनी तीन वेगळ्या साली दिलेले तीन जातींचे ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय सोडणारे डबे) असतील, तर हीच यादी चालेल.

दुकानदाराचे कोटेशन मागवण्याआधी वही घेऊन इमारतभर फिरा. ॲक्सेस पॉइंट मोजायला नव्हे, ते सगळेच मोजतात. त्यांना जोडलेली जुनी यंत्रे शोधायला. ऑफिसातले हजेरीचे बोटाचे यंत्र, वाचनालयातला प्रिंटर, कुणीतरी भेट दिलेले लॅपटॉप, सभागृहातला प्रोजेक्टर. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: वाय-फायची कोणती पिढी, 5 गिगाहर्ट्झ दिसते की फक्त 2.4, आणि ते बंद पडले तर पहिला फोन कोणाचा येईल. पिढ्या अशा ओळखा: 802.11जी 2003 चे, एन 2009 चे, एसी 2013 चे, आणि ज्याला वाय-फाय 6 म्हणतात ते त्यानंतरचे. आमच्या वहीत चारही पिढ्या निघाल्या, आणि सर्वांत जुने यंत्र नेमके पगाराच्या कामाचे.

या जुन्यांवर मी एवढा का अडतो ते सांगतो. वाय-फायची हवा सामाईक असते, एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचे. 1500 बाइटचे एक पाकीट 1 मेगाबिटच्या वेगाने पाठवायला 12 मिलिसेकंद लागतात, 54 मेगाबिटने पाव मिलिसेकंदाच्या आत. कदंब बसच्या तिकीट काउंटरवर पुढचा माणूस सुटे पैसे मोजत बसला की मागच्या रांगेचे जे होते, तेच इथे होते. रांगेत महागडा फोन घेऊन उभे राहिलात म्हणून तिकीट लवकर मिळत नाही. म्हणून नवे डबे आणूनही ‘काय फरक पडला?’ हा प्रश्न व्यवस्थापन समितीत येतोच.

उपाय दोन. सेटिंगमध्ये 1, 2, 5.5 आणि 11 मेगाबिटचे वेग बंद करायचे. जी आणि पुढच्या पिढ्यांना त्याने काही होत नाही. फक्त जीच्याही आधीच्या बी पिढीचे यंत्र गायब होते, म्हणून आधी वही बघा. दुसरा उपाय मला जास्त आवडतो: जुन्याला केबल द्या. हजेरीच्या बऱ्याच यंत्रांना मागे नेटवर्कचे भोक असते, रबराच्या झाकणाखाली, आणि ते झाकण बसवल्यापासून कोणी काढलेले नसते. शंभरभर रुपयांच्या केबलने जे सुटते त्यासाठी नवा ॲक्सेस पॉइंट घेऊ नका.

पासवर्डाच्या बाबतीतही जुनी यंत्रे हटून बसतात. वाय-फायच्या पासवर्ड-सुरक्षेची नवी पद्धत डब्ल्यूपीए3 हे 2018 चे, डब्ल्यूपीए2 त्याआधीची. डब्ल्यूपीए2 आणि 3 यांची मिश्र पद्धत कागदावर सर्वांना चालते, प्रत्यक्षात काही जुने प्रिंटर तीही बघून तोंड फिरवतात. त्यांच्यासाठी 2.4 वर वेगळे वाय-फायचे नाव, साधे डब्ल्यूपीए2, वेगळे व्हीलॅन (त्याच तारांवर वेगळे राखलेले नेटवर्क), आणि तिथून ऑफिसच्या संगणकांकडे वाट नाही. सेटिंगमध्ये कुठे टीकेआयपी ही जुनी सांकेतिकरणाची पद्धत दिसली तर ती काढून एईएस ही नवी करा. टीकेआयपीवर एन पिढीची यंत्रेही 54 च्या वर जात नाहीत. पण नावे वाढवत बसू नका. प्रत्येक नावासाठी डबा सेकंदाला सुमारे दहा वेळा ‘मी आहे, मी आहे’ म्हणून ओरडतो. तीन नावे पुरतात. हेडसरांसाठी चौथे हवे असेल तर त्यांना समजावण्याची तयारीही यादीत धरा.

आता भिंती. आपल्याकडच्या जुन्या इमारती चिऱ्याच्या, आणि चिरा पावसात पाणी पितो. मे महिन्यात रिकाम्या वर्गात मोजलेला सिग्नल जुलैत मुले बसल्यावर सापडत नाही, 5 गिगाहर्ट्झचा तर मुळीच नाही. म्हणून मोजणी भर पावसात, वर्ग भरलेला असताना, दारे लावून करा. डबा कॉरिडॉरमध्ये लटकवून दोन्ही बाजूंचे वर्ग भागवायची काटकसर इथे टिकत नाही. 2.4 वर चॅनेल 1, 6 आणि 11 एवढेच धरा, रुंदी 20 मेगाहर्ट्झ. आणि नवे-जुने डबे एका मजल्यावर आलटूनपालटून लावू नका. फोन एकाकडून दुसऱ्याकडे जाताना मध्येच अडखळतात आणि दोष शोधताना तुमचा जीव जातो. एक इमारत पूर्ण नवी करा, निघालेले चांगले जुने दुसऱ्या इमारतीत एकत्र लावा.

केबल आणि विजेचे काम पावसाळ्याआधी व्हायला हवे होते. झाले नसेल तर निदान तपासा. कॅट 5ई असेल तर घाबरू नका, 100 मीटरपर्यंत एक गिगाबिट नीट जाते. घोळ स्विचमध्ये असतो. जुना पीओई स्विच (नेटवर्कच्या केबलमधूनच डब्याला वीज देणारा) एका पोर्टला 15.4 वॉट देतो, नव्या डब्याला अनेकदा 30 वॉटची पद्धत लागते. कमी मिळाले की काही डबे पेटतात खरे, पण अर्धे रेडिओ बंद ठेवून, आणि बाहेरून काहीच कळत नाही. सर्व पोर्टांची बेरीज स्विचच्या एकूण वॉटमध्ये बसते का तेही बघा. समुद्राजवळच्या शाखेत केबलची आरजे-45 टोके काढून पाहा, हिरवी झाली असतील तर नवी टोके दाबून बसवा (क्रिंप करा). दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल असेल तर ती बदलून फायबर टाकाच. ऑक्टोबरातल्या एका गडगडाटात आमचे दोन स्विच त्याच केबलने गेले होते.

बाकीचे भराभर. जुने डबे नव्या कंट्रोलरच्या (सगळे डबे एका जागेहून सांभाळणाऱ्या यंत्राच्या) सॉफ्टवेअरवर चालतील का, हे विक्रेत्याकडून मॉडेल नंबरासह लेखी घ्या, ‘चालेल हो’ वर जाऊ नका. जोडणाऱ्या यंत्रांना वाटायच्या आयपी पत्त्यांचा साठा 254 चाच असेल तर वाढवा. अँड्रॉइड 10 आणि आयओएस 14 पासून फोन प्रत्येक नावाला वेगळा मॅक पत्ता (यंत्राचा ओळख क्रमांक) सांगतात, त्यामुळे मॅकची यादी करून प्रवेश देत असाल तर ती पद्धत सोडा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 2022 च्या निर्देशांप्रमाणे लॉग (वापराच्या नोंदी) 180 दिवस ठेवायचे आहेत. त्याला जागा कुठे, ते आत्ताच ठरवा.

सुट्टीच्या आधी दोन आठवडे एकाच खोलीत नवे चालवून बघा, शक्यतो सर्वांत जास्त तक्रार करणाऱ्या शिक्षकांच्या. जुन्या सेटिंगची प्रत, रॅकचे फोटो, केबलींवर चिठ्ठ्या. काढलेले डबे दसऱ्यापर्यंत भंगारात द्यायचे नाहीत, आणि नंतरही ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत माणसालाच.

आणि रॅकच्या खोलीची दुसरी किल्ली आजच करून घ्या. गेल्या वर्षी एकुलती एक किल्ली पर्समध्ये घालून क्लार्कबाई चवथीला पेडण्याला गेल्या, आणि आम्ही तिघे नवे डबे मांडीवर घेऊन पायरीवर बसलो होतो.