आयसीडीला क्लॅम्प लावून पेशंट पाठवू नका (आणि बायपासनंतरच्या काही चुका)

छातीला मार लागलेला पेशंट बाहेरून आला की मी आधी आयसीडी बघतो, म्हणजे छातीत साठलेली हवा-रक्त बाहेर काढायला बरगड्यांमधून टाकलेली नळी, जिचं दुसरं टोक बाटलीतल्या पाण्यात बुडलेलं असतं. मग कागद. इतकी वर्षं सांगूनही नळीला क्लॅम्प (नळी दाबून बंद करणारा चिमटा) लावलेला दिसतोच, आणि दर वेळी तितकाच जीव तुटतो.

एका गळीत हंगामात रात्री उसाच्या ट्रॉलीला मागून धडकलेला पंचविशीतला मुलगा आला. डावीकडच्या चार बरगड्या मोडलेल्या. आयसीडी टाकलेली होती, नीट टाकलेली होती. पण ॲम्ब्युलन्समध्ये बाटली कलंडेल म्हणून नळीला दोन क्लॅम्प लावले होते आणि रस्ता दीड तासाचा. दारात उतरवला तेव्हा ओठ निळे, मानेच्या शिरा फुगलेल्या, नाडी १४०, बीपी ७०. कोणीतरी ‘आधी एक्स-रे काढू’ म्हणालं. मी क्लॅम्प काढले. बाटलीतलं पाणी खदखदलं आणि थोड्या वेळात मुलगा बोलायला लागला.

बाटलीत बुडबुडे येतात याचा अर्थ फुप्फुसातून हवा गळते आहे. तिची वाट बंद केली तर ती छातीतच साठते, फुप्फुस दाबते, मग हृदयाकडे परत येणारं रक्तही अडवते. नळी टाकून तिला क्लॅम्प लावणं हे काही वेळा नळी न टाकण्यापेक्षा वाईट, कारण नळी आहे म्हणून सगळे निर्धास्त असतात. बाटली बदलताना काही क्षण लावा, लगेच काढा.

माझी सवय सांगतो. शिफ्टिंगच्या आधी नळीवर चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरांत लिहायचं: ‘क्लॅम्प लावू नये’. बाटली कोण धरणार ते नाव घेऊन ठरवायचं, आणि त्या मामांना समोर उभं करून सांगायचं की बाटली छातीच्या खालीच राहिली पाहिजे. ती पेशंटच्या पोटावर ठेवली की आतलं पाणी छातीत परत जाऊ शकतं. नळी बाटलीपासून सुटलीच तर तिचं टोक सलाईनच्या बाटलीत दोन सेंटिमीटर बुडवायचं. एवढंच जमलं तरी पेशंट पुढच्या दवाखान्यापर्यंत पोचतो.

तो एक्स-रेचा मुद्दाही इथेच. टेन्शन न्यूमोथोरॅक्सचं (छातीत हवा कोंडून फुप्फुस आणि हृदयावर दाब येणं) निदान हाताने आणि कानाने करायचं असतं. बीपी पडतंय, एका बाजूचा श्वास ऐकू येत नाही, तर फिल्मची वाट बघू नका, हवा मोकळी करा.

नळी टाकताना बरगडीच्या वरच्या कडेवरून जा, शिरा-धमन्या खालच्या कडेला असतात. आधी बोट आत घालून फिरवा. ट्रोकार (नळी घालायची टोकदार सळई) खुपसून वेळ वाचवणारे मला अजिबात आवडत नाहीत. त्या वाचवलेल्या दोन मिनिटांत फुप्फुस, यकृत, प्लीहा, काहीही फाटू शकतं.

नळीतून सुरुवातीलाच दीड लिटर रक्त आलं, किंवा पुढे तासाला २०० मिली असं दोन ते चार तास येत राहिलं, तर सर्जनला बोलवा. नुसत्या रक्ताच्या पिशव्या चढवत बसू नका.

बरगड्या मोडलेल्या आजोबांना दुखणं थांबवणारी औषधं पुरेशी द्या. दुखतं म्हणून ते खोकत नाहीत आणि चौथ्या दिवशी न्यूमोनिया होतो.

आता दुसरी चूक, माझ्या मते पहिलीइतकीच घातक. बायपासनंतरची रात्र. ड्रेनमधून (ऑपरेशननंतर छातीतलं रक्त बाहेर काढणारी नळी) तासाला ऐंशी-नव्वद मिली रक्त येत होतं आणि अचानक शून्य. रेसिडेंटने चार्टवर ‘ब्लीडिंग थांबलं’ लिहिलं. पुढच्या तासात बीपी ८५, सीव्हीपी (हृदयाकडे परतणाऱ्या रक्ताचा शिरेतला दाब) वाढून १८, लघवी जेमतेम. त्याने नॉरॲड (बीपी वाढवणारं औषध) वाढवलं. इको केला, त्यात विशेष काही दिसलं नाही. ड्यूटीवरच्या सिस्टरांना ते पटलं नाही. त्यांनी मला थेट फोन केला: ‘सर, ड्रेन बंद पडलाय, थांबलेला नाही.’ छाती पुन्हा उघडली तेव्हा उजव्या कर्णिकेला चिकटून मुठीएवढी गुठळी होती. ती काढताच बीपी वर आलं.

ड्रेन एकदम आटला आणि पेशंट खाली जायला लागला, तर टॅम्पोनाड (हृदयाभोवती रक्त साठून हृदय दाबलं जाणं) समजूनच चाला. मागे दडलेली गुठळी छातीवरून केलेल्या इकोत सुटू शकते. म्हणून मी दर तासाचा आकडा स्वतःच्या हाताने लिहितो आणि नळीतला रक्ताचा कॉलम श्वासाबरोबर हलतो का ते वाकून बघतो. छाती उघडायचा सेट बेडजवळच हवा. हृदय बंद पडलं तर पाच मिनिटांत छाती उघडायची असते, कपाटाची किल्ली शोधायला वेळ नसतो.

आणि पेसिंग वायर, म्हणजे ठोके सांभाळायला ऑपरेशनच्या वेळी हृदयाला तात्पुरती लावलेली तार. ती काढल्यावरही क्वचित आत रक्त साठतं. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी) बघून, सकाळी, पुढचे काही तास पेशंट नजरेसमोर राहील अशा वेळी काढा. डिस्चार्जचा कागद झालाय, नातेवाईक गाडी घेऊन खाली थांबलेत, म्हणून जाता जाता ओढायची ती वस्तू नाही.