पहिलं सरकारी काम घेताय? 'पावसाळ्यासह' हा शब्द आधी शोधा

माझं पहिलंच काम सरकारने अर्ध्यावर काढून घेतलं. खाडीलगतच्या गावातला रस्ता आणि तीन मोऱ्या, बी-१ टेंडर (बांधकाम खात्याचा टक्केवारी दराचा छापील करार), मुदत ९ महिने, वर्क ऑर्डर मार्चची. चार वर्षं झाली तरी रस्त्याकडेला मोरीचे पाइप पडलेले दिसले की पोटात गोळा येतो.

टेंडरची अनामत (ईएमडी), डिपॉझिट, रजिस्ट्रेशन तुम्हाला माहीत असणार, ते सोडतो.

वर्क ऑर्डर हातात आली आणि शिमग्याला मजूर गावी गेले. एप्रिलमध्ये एका जमीनवाल्याने चिरे रचून रस्ताच अडवला, विजेचे दोन खांबही आमच्या लायनीत होते. मी शाखा अभियंत्यांना रोज फोन करायचो, ते म्हणायचे पत्र कशाला, बघू आपण, आणि एक जुने ठेकेदार काका सांगायचे, "पावसात कोण काम करता? मुदतवाढ गावता रे." मी निर्धास्त. मग जून लागला, डांबर बंद, ऑगस्टमध्ये त्या शाखा अभियंता साहेबांची बदली झाली.

आता नीट वाचा, कारण मी इथेच बुडालो. टेंडरात मुदतीपुढे 'पावसाळ्यासह' लिहिलेलं असेल तर पावसाचे चार महिने त्या मुदतीत आधीच धरलेले असतात, त्यामुळे नेहमीच्या पावसाचं कारण देऊन मुदतवाढ मागितली तर हातात काही येत नाही. माझं खरं कारण पाऊस नव्हतंच, अडवलेली जागा आणि खांब होते, पण त्याचं एकही पत्र नव्हतं. बी-१ चं कलम ६ काढून बघा, अडथळा आल्यापासून ३० दिवसांत किंवा मुदत संपायच्या आत, जे आधी येईल तेव्हा, कार्यकारी अभियंत्यांकडे लेखी अर्ज जायला हवा. फोन धरत नाहीत. ज्या दिवशी काम अडलं त्याच दिवशी तारीख, चेनेज (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर), फोटो टाकून पत्र द्या आणि आवकचा, म्हणजे पत्र मिळाल्याचा, शिक्का आपल्या प्रतीवर मारून घेतल्याशिवाय ऑफिसच्या पायऱ्या उतरू नका. मी अर्ज केला तो डिसेंबरात, त्यात कारण लिहिलं पाऊस. मग कलम ३ ची, म्हणजे काम काढून घेण्याची नोटीस शेडच्या दाराला चिकटवलेली मिळाली, डिपॉझिट जप्त आणि उरलेलं काम माझ्या जोखमीवर दुसऱ्याला, म्हणजे त्याचा जास्तीचा खर्चही माझ्याकडूनच वसूल.

दुसऱ्याचं लायसन वापरून काम करणाऱ्यांना तर हात जोडून सांगतो, करू नका. आणि सल्ला घ्यायचाच तर निवृत्त डिव्हिजनल अकाउंटंटचा (खात्याच्या विभागीय ऑफिसात बिलं तपासणारे लेखापाल) घ्या, कुठला कागद कुठे अडतो हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही असं माझं ठाम मत आहे.

नोटीस आली म्हणजे सगळं संपलं असंही नाही हो. कसूर नक्की कुणाची हे खात्याने एकतर्फी ठरवलं की विषय मिटला असं होत नाही, जे. जी. इंजिनिअर्सच्या केसमध्ये २०११ साली सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलंय. ब्लॅकलिस्टची कारवाई वेगळी, त्यासाठी कारणे दाखवा नोटिशीतून तसा इरादा स्पष्ट कळायला हवा, हा सुप्रीम कोर्टाचाच २०१४ चा निकाल. उत्तर मात्र मुदतीत द्या, मुद्देसूद, रडगाणं नको.

आणि काम काढून घेतल्यावर शेवटच्या मोजणीला बोलावतात तेव्हा जा. मी लाजेने गेलो नाही, गावातले लोक बघतील म्हणून. मोरीजवळ माझी चाळीस ब्रास खडी पडून होती, एमबीत (मोजमाप पुस्तकात) तिची नोंदच नाही.