पहिला मॅनेजर नोड: डॉकर स्वार्मची सुरुवात

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे, आवक आणि बिलं आता बऱ्याच ठिकाणी संगणकावरच असतात. असं सॉफ्टवेअर एकाच मशिनवर चालत असलं तर ते मशिन बसलं की अख्खं काम थांबतं. डॉकर हे सॉफ्टवेअर कंटेनरमध्ये, म्हणजे लागणाऱ्या सगळ्या गोष्टींसकट बांधलेल्या डब्यात, चालवायचं साधन आहे. त्यातल्या स्वार्म या सोयीनं दोन-चार साध्या मशिन्सचा एक गट करता येतो आणि कंटेनर त्यांच्यात वाटले जातात. वेगळं काही उतरवावं लागत नाही. २०१६ साली आलेल्या १.१२ आवृत्तीपासून स्वार्म डॉकर इंजिनातच आहे. छोट्या ऑफिसला माझा सल्ला कुबरनेटिस या याच कामाच्या मोठ्या साधनाऐवजी आधी हेच वापरून बघायचा.

गटातलं प्रत्येक मशिन म्हणजे नोड. त्यांतला मॅनेजर नोड म्हणजे अडत दुकानातला दिवाणजी. पोती हमाल, म्हणजे वर्कर नोड, उचलतात, पण कुणाची किती आणि कुठं ठेवली ते वहीत असतं, आणि वही दिवाणजीकडे. ही वही आधी नीट मांडली नाही तर पुढं सगळं अवघड जातं. गट सुरू करणारी आज्ञा एका ओळीची आहे, खरं काम तिच्या आधीचं आणि नंतरचं.

(आज्ञा खाली उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाईप करा.)

सुरुवात पत्त्यापासून करा. मॅनेजरचा आयपी पत्ता स्थिर हवा. वर्करचा बदलला तरी चालतं, मॅनेजरचा नाही, कारण बाकीचे नोड त्याला त्याच पत्त्यावर शोधतात. वीज गेली, राउटर पुन्हा सुरू झाला आणि त्यानं मॅनेजरला नवा पत्ता दिला, की गट तुटला. म्हणून राउटरमध्ये त्या मशिनसाठी एक पत्ता राखून ठेवा. आपण १९२.१६८.१.१० धरू. मशिनला ओळखू येईल असं नावही द्या:

सुडो होस्टनेमसीटीएल सेट-होस्टनेम मॅनेजर१

मशिन ठेवायचं कुठं, हाही प्रश्न आहे. २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांनी पाहिला, त्या गावभागातल्या लोकांना तळमजला नको हे सांगावं लागत नाही. वरचा मजला आणि यूपीएस, एवढं तरी हवंच.

आता घड्याळ. नोड एकमेकांशी प्रमाणपत्रं दाखवून बोलतात, त्यामुळे वेळ चुकली तर जोडणी नाकारली जाते. टाइमडेटसीटीएल ही आज्ञा देऊन घड्याळ सिंक झालंय ना, ते बघून घ्या.

मग फायरवॉल, म्हणजे मशिनमध्ये कुठून काय येऊ द्यायचं ते ठरवणारा पहारेकरी. तीन पोर्ट, म्हणजे ये-जा करायची क्रमांकाची दारं, लागतात: गटाच्या कारभारासाठी २३७७ टीसीपी, नोडच्या आपसातल्या संपर्कासाठी ७९४६ टीसीपी आणि यूडीपी दोन्ही, आणि कंटेनरच्या नेटवर्कसाठी ४७८९ यूडीपी. उबुंटूवर पहिला असा उघडतो, बाकीचे याच धर्तीवर:

सुडो यूएफडब्ल्यू अलाउ फ्रॉम १९२.१६८.१.०/२४ टू एनी पोर्ट २३७७ प्रोटो टीसीपी

हे पोर्ट फक्त ऑफिसच्या नेटवर्कपुरते उघडा. विशेषतः ४७८९ इंटरनेटला कधीच दाखवू नका, तिथं येणारा कोण आहे हे तपासण्याची सोयच नसते.

अजून एक गोष्ट आधीच ठरवायची, कारण ती नंतर बदलता येत नाही. स्वार्म आपल्या अंतर्गत नेटवर्कसाठी १०.०.०.०/८ या पट्ट्यातले पत्ते घेतो. तुमच्या ऑफिसचं नेटवर्कच १० नं सुरू होत असेल तर दोन्हींची टक्कर होऊ शकते. तसं असेल तर खालच्या आज्ञेला --डिफॉल्ट-अ‍ॅडर-पूल जोडून वेगळा पट्टा द्या. १९२.१६८ वाल्यांनी हे सोडून दिलं तरी चालेल.

आता मुख्य आज्ञा:

डॉकर स्वार्म इनिट --अ‍ॅडव्हर्टाइज-अ‍ॅडर १९२.१६८.१.१०

मशिनला वायफाय आणि केबल दोन्ही असतील तर पत्ता न देता ही आज्ञा अडते. एकच नेटवर्क कार्ड असलं तरी पत्ता स्वतः लिहावा हे बरं. काम झालं की हा नोड आता मॅनेजर आहे असा संदेश येतो आणि खाली वर्कर जोडायची लांबलचक ओळ दिसते (ती वर्कर मशिनवर चालवायची). खात्री करायला:

डॉकर नोड एलएस

एकच ओळ येईल. तिच्यात स्टेटस रेडी आणि मॅनेजर स्टेटस लीडर असायला हवं.

त्या लांब ओळीतलं टोकन, म्हणजे गटात शिरायचा गुप्त संकेत, म्हणजे घराची किल्ली. ते आपोआप संपत नाही. ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची सवय असेल तर ती इथं आवरा. मॅनेजरचं टोकन वेगळं असतं, ते तर आणखी जपायचं. टोकन बाहेर गेल्याची शंका आली तर

डॉकर स्वार्म जॉइन-टोकन --रोटेट वर्कर

जुनं बाद होतं, आधी जोडलेल्या नोडना काही होत नाही.

ऑटोलॉक नावाची सोय आहे. ती चालू केली तर डॉकर पुन्हा सुरू झाल्यावर दर वेळी कुणीतरी ऑटोलॉकची वेगळी किल्ली टाकेपर्यंत मॅनेजर कुलूपबंद राहतो. जिथं वीज सारखी जाते आणि रात्री ऑफिसात कुणी नसतं, तिथं मी ती बंदच ठेवेन.

वहीची नक्कल मात्र चुकवू नका. व्हार, लिब, डॉकर या वाटेवरचं स्वार्म फोल्डर म्हणजे ती वही. रात्री काम नसताना डॉकर थांबवा, त्या फोल्डरची प्रत काढा, डॉकर सुरू करा, आणि प्रत दुसऱ्या जागी न्या. ऑफिस सांगलीत असेल तर प्रत मिरजेत ठेवा. मॅनेजर एकच असताना तो गेला, तर वर्करवरचे कंटेनर चालू राहतात, पण नवं काही लावता येत नाही आणि पडलेलं कुणी उचलत नाही. तेव्हा हीच प्रत कामी येते: नव्या मशिनला जुनाच पत्ता द्या, फोल्डर जागेवर ठेवा आणि डॉकर स्वार्म इनिट --फोर्स-न्यू-क्लस्टर ही आज्ञा द्या.

पुढं मॅनेजर वाढवायचे तर थेट ३ करा. २ करण्यात फायदा नाही. निर्णयाला बहुमत लागतं, दोघांतला एक गेला की बहुमत संपतं, म्हणजे बिघाडाची शक्यता उलट वाढली. ३ असले तर १ गेलेला चालतो, ५ असले तर २.

वर्कर आले की मॅनेजरवरचा भार काढून घ्या:

डॉकर नोड अपडेट --अव्हेलेबिलिटी ड्रेन मॅनेजर१

त्यावर चालू असलेली कामं वर्करकडे जातात. पुन्हा डॉकर नोड एलएस देऊन बघा: मॅनेजर१ समोर अ‍ॅक्टिव्हच्या जागी ड्रेन दिसेल आणि वर्करच्या ओळीत मॅनेजर स्टेटसचा रकाना कोरा असेल.