दीर्घिका जुळवायच्या? आधी दोन्हीकडचा काटा एक करा

परवा जळगावात एका ज्युनियरने लॅपटॉप उघडून दीर्घिकांचा, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या समूहांचा, दुर्बिणीचा डेटा आणि कॉम्प्युटरमध्ये घडवलेल्या विश्वाचं सिम्युलेशन एकाच ग्राफवर दाखवलं आणि म्हणे बघ भो, सिम्युलेशन चुकीचंय. चुकीचं काही नव्हतं, केळी दांड्यासकट तोललीय की दांडा काढून हे न विचारताच गडी भाव करत होता.

दुर्बीण म्हणजे एकाच दिवशी रावेरच्या शिवारात मारलेली चक्कर. इथे नुकतं लावलेलं रोप, तिथे निसवलेली बाग, पलीकडे कापणीला आलेली, आणि त्यावरून एका झाडाची जन्मकथा अंदाजाने जुळवायची. सिम्युलेशनमध्ये मात्र तीच दीर्घिका लहानपणापासून धरून बसता येते. म्हणून आधी दोन्हीकडे रेडशिफ्ट, म्हणजे दीर्घिका किती मागच्या काळातली दिसतेय ते सांगणारा आकडा, सारखा घ्या. इलस्ट्रिस टीएनजी या सिम्युलेशनचा डेटा फुकट मिळतो, अकाउंट तेवढं काढावं लागतं. त्यातला ९९ नंबरचा स्नॅपशॉट (एका क्षणाची साठवलेली स्थिती) म्हणजे आज, ३३ म्हणजे रेडशिफ्ट २, साधारण १० अब्ज वर्षांपूर्वीचा.

मग वस्तुमान, खरी मारामारी इथेच. फाइलीत ते 'दहा अब्ज सूर्य भागिले एच' अशा युनिटमध्ये असतं, एच म्हणजे विश्व पसरण्याच्या वेगाचा आकडा, इथे ०.६७७४, भागायला विसरलात की सगळ्या दीर्घिका जवळपास एक तृतीयांश हलक्या (माझा आख्खा आठवडा यात गेलाय). निरीक्षणाच्या पेपरात लहानमोठ्या ताऱ्यांचं प्रमाण कुठलं धरलंय तेही बघा. त्याची सॅलपीटर आणि शाब्रिए अशी दोन नेहमीची सूत्रं आहेत. सॅलपीटर असेल तर वस्तुमान शाब्रिएपेक्षा साधारण १.७ पट येतं, आणि टीएनजी शाब्रिए वापरतं, तर पेपरातलं वस्तुमान १.७ने भागून घ्या.

आणि दांडा? मोठ्या दीर्घिकांभोवती फिके तारे लांबवर पसरलेले असतात, सिम्युलेशन ते सगळे मोजतं, फोटोत ते आभाळाच्या उजेडात बुडतात. त्यामुळे दोन्हीकडे मध्यापासून ३० किलोपार्सेकच्या (साधारण एक लाख प्रकाशवर्षांच्या) आतलंच धरा.

एवढं करून आजच्या दीर्घिकांची वस्तुमानानुसार संख्या जुळली तर लगेच पेढे वाटू नका, टीएनजीचं मॉडेल ती संख्या समोर ठेवूनच ट्यून केलंय. रंग तपासा, लाल किती निळ्या किती, ते ट्यूनिंगमध्ये नव्हतं, स्लोन सर्व्हे या दुर्बिणीच्या आकाश-पाहणीतले रंग समोर ठेवा. फक्त सिम्युलेशनच्या प्रकाशात दीर्घिकेतल्या धुळीचा परिणाम घाला, नाहीतर दीर्घिका उगाच निळ्या दिसतात. त्या ज्युनियरने काल नवा ग्राफ पाठवलाय, एचने भागलंय, दांडाही काढलाय, धूळ तेवढी राहिलीय.