दूतावासातल्या विस्मृत सचिवाचा स्वभावप्रकार कसा ठरवावा

स्वभावप्रकार म्हणजे इथे मायर्स-ब्रिग्ज या व्यक्तिमत्त्व-चाचणीतला चार इंग्रजी अक्षरांनी लिहिला जाणारा प्रकार. तो ठरवायला आधी सचिवाचे कागद चाळा. हस्ताक्षर सचिवाचं म्हणून शब्दही त्याचेच असं धरू नका. राजदूताने सांगितलेला मजकूर याने नुसता उतरवलेला असतो. ते कागद बाजूला काढा. खरा ऐवज खासगी पत्रांत, खाडाखोडीच्या कच्च्या मसुद्यांत आणि समासातल्या नोंदींत असतो. ‘आपला आज्ञाधारक सेवक’ यावरून माणूस नम्र ठरत नाही, तो पत्राचा ठरीव साचा.

मग वहीत दोन रकाने आखा: डावीकडे तारखेसह कृती, उजवीकडे तुमचा अर्थ. निदान २० नोंदी होईपर्यंत प्रकाराचं नाव काढू नका. मसुद्यात तो काय खोडतो ते पाहा. तपशील दुरुस्त करतो, की सूर मवाळ करतो? बोलणी फिसकटल्यानंतरचं एक पत्र दहा साध्या पत्रांना भारी पडतं.

हमखास फसगत म्हणजे पदालाच स्वभाव समजणं. गुप्तता, टापटीप, काटेकोर नोंदी या नोकरीच्याच अटी; म्हणून झाडून सगळे सचिव आयएसटीजे (अंतर्मुख, तपशिलात रमणारा, तर्काने चालणारा, शिस्तशीर) निघतात! त्याच पदावर आधी किंवा नंतर असलेल्याचे कागद शेजारी ठेवा. दोघांत सारखं ते पदाचं, वेगळं ते बहुधा माणसाचं.

मायर्स-ब्रिग्जची १६ प्रकारांची चौकट प्रश्नावलीवर उभी आहे, आणि गेलेला माणूस प्रश्नावली भरत नाही. चारही अक्षरांचा हट्ट नको. अंतर्मुख की बहिर्मुख, हे तर सर्वांत निसरडं: पत्रं टिकतात, गप्पा टिकत नाहीत. पुरावा नसेल तिथे जागा कोरी सोडा.